वाचकांचे प्रश्न : काळा कोट आणि आमदारकी

वकिली करता करता विधानसभेत जाऊ पाहणारे, वकील आमदार झाल्यामुळे अडलेले अशील आणि कायद्याचे विद्यार्थी अशा तिघांकडूनही या विषयावर प्रश्न आले. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावे न देता फक्त गाव आणि व्यवसाय दिला आहे.

आमदाराला सरकारी पगार मिळतो, त्यामुळे निवडून आल्यावर सनद (वकिलीचा परवाना) परत करावी लागते, असे आमच्या बाररूममध्ये ठामपणे सांगितले जाते. खरे काय?
— जिल्हा न्यायालयातील वकील, लातूर

सनद परत करावी लागत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्याला कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. आमदार-खासदारांनाही हा नियम लावा, अशी याचिका अश्विनीकुमार उपाध्याय यांनी सर्वोच्च न्यायालयात केली होती. तिचा निकाल २५ सप्टेंबर २०१८ रोजी लागला. आमदाराचे वेतन राज्याच्या संचित निधीतून येते, पण सरकार त्याचा मालक नाही आणि तो सरकारचा नोकर नाही, म्हणून नियम ४९ त्याला लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. लोकप्रतिनिधींना वकिलीची बंदी करणारा वेगळा नियम बार कौन्सिलने केलेला नाही, हेही नोंदवले. उद्या असा नियम झाला तर चित्र बदलेल. आज मात्र साध्या आमदाराला वकीलपत्र दाखल करता येते, युक्तिवाद करता येतो, फीही घेता येते.

बाररूममधला गैरसमज बहुधा मंत्र्यांमुळे झाला असावा. मंत्रिपद घेताना वकिली थांबवतात, आणि ते योग्यच आहे. त्याची रीत शेवटच्या उत्तरात दिली आहे.

मी सहायक सरकारी वकील आहे. पक्षाने उमेदवारीबद्दल विचारले आहे. राजीनामा कधी द्यावा? नुसता पाठवला तर पुरे का?
— परभणी

नुसता पाठवून पुरत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९१ नुसार सरकारच्या हाताखाली लाभाचे पद असेल, तर माणूस आमदार म्हणून निवडला जायलाच अपात्र ठरतो. ही पात्रता उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवशी पाहतात, मतदानाच्या दिवशी नाही. म्हणून छाननीच्या आधी राजीनामा मंजूर झालेला हवा, कार्यभार सोपवलेला हवा आणि दोन्हींचे लेखी आदेश हातात हवेत. विधी व न्याय विभागाची फाईल आपल्या गतीने चालते. पक्षाचे तिकीट ठरायची वाट पाहत बसलात तर मंजुरी छाननीनंतर येण्याचा धोका आहे. उभे राहायचे पक्के असेल तर आधी पद सोडा, तिकिटाचे नंतर पाहा. पद सोडायला मन धजत नसेल तर या निवडणुकीचा विचार सोडा. दोन्हीकडे पाय ठेवायला कायद्यात जागा नाही.

एखाद्याच खटल्यापुरती सरकारची नेमणूक असेल तर काय, असेही काहींनी विचारले आहे. राजस्थानात कोलायतच्या आमदार कांता कथुरिया यांची निवड याच कारणाने उच्च न्यायालयात रद्द झाली होती. एका लवादाच्या कामात त्या विशेष सरकारी वकील होत्या. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड कायम केली. एका कामापुरते दिलेले ब्रीफ म्हणजे 'पद' नव्हे, असे बहुमताने ठरले. पण दोन न्यायमूर्ती याच्याशी सहमत नव्हते, आणि दरम्यान राजस्थान विधिमंडळाने पूर्वलक्षी कायदा करून अपात्रता दूर केली होती. हा निकाल ढाल म्हणून वापरायचा प्रसंग येऊ देऊ नका. सरकारी पॅनेल, महामंडळाचे पॅनेल, जे असेल त्यातून अर्ज भरण्याआधी लेखी बाहेर पडा.

वकील असल्यामुळे उमेदवारी अर्ज स्वतःच भरणार आहे. अर्ज कुठे बाद होतात?
— तालुका न्यायालयातील वकील, सांगोला

वकिलांचेही अर्ज बाद होतात. आपल्याला येते या भरवशावर शेवटच्या दिवशी घाई करणे हे त्यामागचे मोठे कारण. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत घेतात आणि एका उमेदवाराला जास्तीत जास्त ४ अर्ज भरता येतात. निदान दोन भरा, आणि दोन्हींवर सूचक (उमेदवाराचे नाव सुचवणारे मतदार) वेगळे ठेवा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातला १ सूचक पुरतो, अपक्षाला १० लागतात. सूचकांचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या मतदार यादीवरून स्वतः ताडून पाहा. दहातला एकजण शेजारच्या मतदारसंघाचा निघाला तरी अर्ज जातो. तुमचे नाव राज्यातल्या दुसऱ्या मतदारसंघात असेल तर उभे राहता येते, मात्र तिथल्या यादीच्या उताऱ्याची प्रमाणित प्रत जोडावी लागते. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. अधिकृत उमेदवार कोण हे कळवणारे पक्षाचे ए आणि बी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचले पाहिजेत.

मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे यांची माहिती देणाऱ्या नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवू नका. 'नाही', 'निरंक', 'लागू नाही' यांपैकी जे खरे असेल ते लिहा. कोरे रकाने तसेच ठेवून दिलेले शपथपत्र अर्ज फेटाळायला पुरेसे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये 'रिसर्जन्स इंडिया' प्रकरणात सांगितले. निवडणूक निर्णय अधिकारी आधी त्रुटीची नोटीस देतो. ती हातात पडली की त्याच दिवशी नवे शपथपत्र द्या. वकिलांच्या बाबतीत हमखास राहून जाते ते म्हणजे चेंबरमधला हिस्सा, बार असोसिएशनच्या पतसंस्थेचे कर्ज आणि आंदोलनात दाखल झालेले जुने गुन्हे. गुन्ह्याचा क्रमांक, पोलीस ठाणे, न्यायालय आणि आजची स्थिती यांच्या प्रमाणित नकला आधीच काढून ठेवा. स्वतःच्या केसचा रोजनामा पाहायचे बऱ्याच वकिलांना सुचत नाही.

अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर संविधानाची शपथ घ्यायची असते. ती राहिली तर बाकी कागद निर्दोष असूनही उमेदवारी टिकत नाही. शपथ घेतल्याचे प्रमाणपत्र मागून घ्या.

खर्चासाठी अर्जाच्या निदान एक दिवस आधी वेगळे बँक खाते उघडा. महाराष्ट्रात विधानसभेसाठी मर्यादा ४० लाख रुपये आहे. एका व्यक्तीला किंवा संस्थेला रोखीने १०,००० रुपयांपर्यंतच देता येतात. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. हरलेल्यालाही हे चुकत नाही. हिशेब न दिल्यास आयोग ३ वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो, आणि हरलेले उमेदवारच यात जास्त अडकतात.

पदवीधर मतदारसंघ वकिलांना जास्त सोयीचा असतो का?
— वकील, पुणे

वकिलांची ओळख पदवीधरांत असते, एवढीच काय ती सोय. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आहेत आणि वय ३० पूर्ण लागते (विधानसभेला २५). इथे कष्ट मतदार नोंदणीत आहेत. यादी दर निवडणुकीला नव्याने बनते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असतेच असे नाही. १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाच्या आधी पदवी मिळून ३ वर्षे झालेली असली पाहिजेत. अर्ज नमुना १८ मध्ये, सोबत पदवी किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. ज्याने हे अर्ज वेळेत गोळा केले त्याने अर्धी लढाई मारली. मतदान पसंतीक्रमाने होते, त्यामुळे दुसऱ्या पसंतीसाठीही घरोघर जावे लागते.

निवडून आलो तर हातातल्या दीडेकशे फाईलींचे काय करू? ज्युनिअरकडे सोपवल्या की झाले ना?
— वकील, जुन्नर

एवढ्याने होत नाही. अशिलाने वकीलपत्र तुम्हाला दिले आहे, तुमच्या कार्यालयाला नाही. बार कौन्सिलच्या नियम १२ प्रमाणे घेतलेले काम पुरेशा कारणाशिवाय आणि वाजवी नोटीस दिल्याशिवाय सोडता येत नाही, आणि सोडल्यास न कमावलेला फीचा भाग परत द्यावा लागतो.

निकालाची वाट न पाहता, अर्ज भरतानाच फाईलींची वही करा. खटला, न्यायालय, पुढची तारीख, टप्पा, घेतलेली फी, झालेले काम. मग तीन ढीग लावा. पुरावा संपून युक्तिवादावर आलेली कामे शक्यतो स्वतः संपवा, कारण साक्षीदाराचा उलटतपास ज्याने घेतला त्याच्याइतका तो कोणालाच ठाऊक नसतो. नुकतीच दाखल झालेली कामे अशिलाच्या पसंतीच्या वकिलाकडे ना हरकत देऊन सोपवा. नव्या वकीलपत्रावर तुमची ना हरकतीची सही आणि अशिलाची सही, दोन्ही हव्यात. दिवाणी दाव्यात वकीलपत्र काढून घ्यायचे तर न्यायालयाची परवानगी लागते, म्हणून अशिलाला नोटीस देऊन तिची पोच अर्जाला जोडा. तिसरा ढीग हितसंबंधांच्या आड येणाऱ्या कामांचा. ती सगळी सोडा. कोणती ते पुढे येईलच.

फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवू नका. वकिलाला अशिलाच्या कागदपत्रांवर धारणाधिकार (येणे फिटेपर्यंत अडवून ठेवण्याचा हक्क) नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले आहे. मतदार असलेल्या अशिलाची फाईल अडली की तक्रार बार कौन्सिलकडेही जाते आणि गावच्या पारावरही.

आमचे वकील आमदार झाले. तेव्हापासून आमच्या दाव्यात 'वकीलसाहेब अधिवेशनात' म्हणून तारखा पडताहेत. न्यायालयाला हे चालते का?
— शेतकरी, बार्शी

अधिवेशन आहे म्हणून तहकुबी मिळालीच पाहिजे असा हक्क आपल्या कायद्यात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ प्रमाणे दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या द्यायच्या नाहीत, आणि वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे हे तहकुबीचे कारण होऊ शकत नाही, असे तिथे शब्दांत लिहिले आहे. न्यायाधीश समजून घेतात तो सौजन्याचा भाग. खर्च बसवला तर तो तुमच्यावर बसतो. साक्षीदार हजर असताना तुमचे वकील नसतील तर उलटतपास न घेताच साक्ष बंद होण्याचा धोका तुमचा.

अधिवेशने कधी असतात हे साधारण ठाऊक असते : अर्थसंकल्पी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मुंबईत, पावसाळी जून-जुलैत मुंबईत, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. वकीलसाहेबांना सरळ विचारा, की या महिन्यांत आमच्या कामाला कोण उभे राहणार? त्या वकिलाचे नाव वकीलपत्रावर आत्ताच घालून घ्या. असा कोणी नसेल तर ना हरकत मागा. मागायला भिडू नका, तो तुमचा हक्क आहे.

इथे टेक्ससमध्ये कितीतरी स्टेट रिप्रेझेंटेटिव्ह वर्षभर वकिली करतात. महाराष्ट्रात हे एवढे अवघड का वाटते?
— मराठी वाचक, ह्यूस्टन

तिथली घडणच वेगळी आहे. टेक्ससचे विधिमंडळ नियमित अधिवेशनासाठी विषम वर्षांत एकदाच बसते, तेही जास्तीत जास्त १४० दिवस, आणि सदस्याचा पगार महिना ६०० डॉलर. त्यावर घर चालत नाही, म्हणून दुसरा व्यवसाय गृहीतच धरलेला आहे. अधिवेशनाच्या काळात सदस्य-वकिलाला खटला पुढे ढकलून मिळण्याची तरतूदही तिथल्या कायद्यात आहे. तारखेच्या तोंडावर मुद्दाम असा वकील नेमून वेळ काढता येऊ नये म्हणून अशा प्रसंगी निर्णय न्यायाधीशावर सोडला आहे.

आपण तिथून घ्यावे असे आहे ते निराळेच. टेक्ससमध्ये विधिमंडळ सदस्याला पैसे घेऊन राज्याच्या प्रशासकीय खात्यांपुढे कोणाची बाजू मांडता येत नाही. अपवाद आहे तो फौजदारी प्रकरणात वकील-अशील नाते असते तिथे, किंवा नुसते कागद दाखल करायचे असतात तिथे. न्यायालय वेगळे आणि सरकारी कचेरी वेगळी, हा भेद त्यांनी कायद्यात लिहून ठेवला आहे. आपल्याकडे तो वकिलाने स्वतः पाळायचा आहे.

माझे सीनिअर आमदार आहेत. ते न्यायालयात कमी आणि महसुली कामांत जास्त उभे राहतात. यात काही गैर आहे का? मला अवघडल्यासारखे होते.
— ज्युनिअर वकील, सातारा

तुम्हाला अवघडल्यासारखे होते हे बरोबरच आहे. बंदीचा ठळक शब्द कुठे सापडणार नाही, पण या विषयातली सगळ्यात वाईट जागा हीच आहे. जिल्हा न्यायाधीश आमदाराच्या बैठकीला येत नाहीत, त्यांची बदली आमदाराच्या शिफारशीने होत नाही. तहसीलदार आणि प्रांताधिकारी मात्र आढावा बैठकीत त्याच आमदारासमोर उभे असतात. टंचाईची बैठक, पीकविम्याच्या तक्रारी, निराधार योजनेची प्रकरणे, सगळीकडे आमदार जाब विचारतो. सकाळी ज्याला जाब विचारला त्याच्यापुढे दुपारी फेरफाराच्या अपिलात फी घेऊन उभे राहिले, तर समोरच्या पक्षकाराचा निकालावर विश्वास कसा बसेल? निकाल कायद्याने बरोबर असला तरी बसणार नाही. आमदाराने महसुली अधिकारी, पोलीस ठाणे, नगरपालिका आणि मंत्र्यांपुढची अपिले यांत फी घेऊन उभे राहूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी काही हद्दी सांभाळायच्या. ज्या अशिलाचे वकीलपत्र घेतले त्याच्याविषयी आमदाराच्या लेटरहेडवर पत्र जाता कामा नये, शिफारशीचे नाही आणि चौकशीच्या मागणीचेही नाही. असे पत्र समोरचा वकील निशाणी (पुराव्याचा कागद) म्हणून दाखल करतो आणि मग तुमचे सीनिअर वकील राहत नाहीत, साक्षीदार होतात. आपण साक्षीदार होऊ असे वाटण्याजोगे काम घेऊ नये, असा नियम १३ आहे. मोर्चात आमदार हजर होता आणि त्याच मोर्चातल्या कार्यकर्त्यांचा खटला त्यानेच चालवायचा, ही चूक फार होते. न्यायालयात चालू असलेल्या खटल्याबद्दल सभागृहात प्रश्न विचारता येत नाही, हे सीनिअरांना माहीत असतेच. अशिलाच्या धंद्याशी संबंधित विधेयक आले तर बोलण्याआधी तो संबंध उघड करावा.

तुम्ही एक करा. प्रत्येक नव्या फाईलीवर पहिल्या पानाला नोंद ठेवा, की समोर कोण आहे, सरकार पक्षकार आहे का, मतदारसंघातला निधी किंवा परवाना यात गुंतला आहे का. नोंद दिसली की सीनिअरही थांबून विचार करतात.

आमदार-वकिलाने अशिलाला जामीन राहावे का? आणि पाटीवर 'आमदार' लिहिले तर?
— बार असोसिएशनचे सदस्य, चिपळूण

दोन्हींना नाही. वकिलाने अशिलासाठी जामीनदार होऊ नये आणि दुसऱ्या जामीनदाराच्या ऐपतीचा दाखलाही देऊ नये, असे नियम १० सांगतो. मतदार रात्री दारात येतात तेव्हा हा नियम दाखवायला बरा पडतो. पाटीबद्दल नियम ३६ पाहा. पाटी वाजवी आकाराची असावी आणि कोणत्याही संस्थेशी किंवा कार्याशी असलेला संबंध तिच्यावर झळकू नये. वकिलीच्या चेंबरवर नाव आणि 'वकील' एवढेच पुरे. जनसंपर्क कार्यालय वेगळ्या जागेत, वेगळ्या फोनवर असावे. प्रचारात 'मोफत कायदा सल्ला शिबिर' घेणाऱ्यांनीही हाच नियम डोळ्यांसमोर ठेवावा, आणि आचारसंहिता लागल्यावर ते बंद करावे.

सभागृहात वकिलीचा खरा उपयोग कुठे होतो? भाषणात?
— पहिल्यांदा निवडून आलेल्या आमदाराचे सहायक, बुलढाणा

भाषणात थोडा, विधेयक वाचण्यात फार. वकील आमदाराने एवढे एक काम नेटाने केले तरी मतदारसंघाबाहेरच्या लाखो लोकांचे भले होते. विधेयक हाती आले की शेवटाकडून वाचायला लागा. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असते. त्यात सांगितलेला हेतू आणि आतले खंड जुळतात का ते ताडा. मग वित्तीय ज्ञापन : खर्च किती, कोणाच्या माथी? मग प्रत्यायुक्त विधानाचे ज्ञापन, म्हणजे नियम करण्याचा अधिकार सरकारकडे किती सोपवला आहे. लोकांना बांधणारी गोष्ट कायद्यात न लिहिता 'विहित करण्यात येईल अशा रीतीने' म्हणून नियमांवर ढकललेली असेल तर तिथे बोट ठेवा. त्यानंतर व्याख्या, शिक्षेचे खंड, अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, जुन्या प्रकरणांना लागू आहे की नाही, आणि अंमल कोणत्या तारखेपासून. मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचा. 'करील' आणि 'करू शकेल' यांतली चूक न्यायालयात वर्षानुवर्षे खटले पुरवते.

दुरुस्ती तोंडी सुचवून भागत नाही. कोणत्या खंडात, कोणत्या ओळीत, कोणते शब्द वगळून कोणते घालायचे, हे लिहून वेळेत विधानमंडळ सचिवालयात द्यावे लागते. मोठे विधेयक असेल तर ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवा असा आग्रह धरा. सभागृहातल्या गोंधळात खंडवार चर्चा क्वचित होते, समितीत होते.

केंद्राच्या कायद्याला छेद जाणारे विधेयक ही दुसरी जागा. समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयावर राज्याने केंद्रीय कायद्याशी विसंगत तरतूद केली तर ती टिकायला अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. स्त्रियांवरील अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणाऱ्या महाराष्ट्राच्या शक्ती विधेयकाचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०२० मध्ये मांडले, संयुक्त समितीने तपासले, डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झाले आणि संमतीच्या वाटेवर अडले. त्यात ज्या भारतीय दंड संहितेत आणि फौजदारी प्रक्रिया संहितेत बदल सुचवले होते, त्या दोन्ही संहिताच १ जुलै २०२४ पासून जाऊन नव्या आल्या. हेतूबद्दल दुमत नव्हते. तरी वाट चुकली की वर्षे वाया जातात, आणि इथे ज्यांची वर्षे गेली त्या दाद मागणाऱ्या स्त्रिया होत्या.

अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेले) जरूर मांडा, पण त्यातून सरकारी तिजोरीवर खर्च पडणार असेल तर अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय ते मंजूर होऊ शकत नाही. पुष्कळ विधेयके इथेच थांबतात. तरीही मांडावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२३ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते आणि १९२७ पासून मुंबई विधान परिषदेत होते. त्याच काळात, १९३४ मध्ये, त्यांनी संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे यांच्या बाजूने खटलाही चालवला. महार वतनाचे विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मांडले, ते पुढे मागे घ्यावे लागले. निवडून आलेले सदस्य म्हणून १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक आणले, तेही त्या वेळी मंजूर झाले नाही. पण खोती रद्द करणारा मुंबईचा कायदा १९४९ चा आहे आणि कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा १९५८ चा. त्यांचे मुद्दे आणि खंडांची मांडणी सभागृहाच्या कार्यवाहीत छापलेली आहे. नव्या आमदाराने ती काढून वाचावी. मसुदा कसा लिहावा याचा तो उत्तम धडा आहे.

विधेयकाखेरीज प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना आणि विधानसभेच्या नियम २९३ खालची चर्चा ही साधने आहेत. तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तर मिळणारा) उलटतपासासारखा बांधा. एका प्रश्नात एकच बाब, तारीख आणि आकडा मागणारी, 'हे खरे आहे काय' या ठरलेल्या साच्यात. लांबलचक प्रश्नाला 'माहिती घेण्यात येत आहे' हे उत्तर देणे सोपे जाते.

स्वतःच्या पक्षाचेच विधेयक सदोष वाटले तर वकील आमदाराने काय करावे?
— प्राध्यापक, फोंडा

विधेयक मांडण्याआधी पक्षाच्या बैठकीत लेखी टिपण द्यावे. काम तिथेच होते. व्हीप (पक्षाचा मतदानाचा आदेश) निघाल्यावर विरोधात मत दिले किंवा गैरहजर राहिले आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले नाही, तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीखाली (पक्षांतरबंदी) अपात्रता येते. दोष दाखवणारे भाषण म्हणजे विरोधी मत नव्हे. पण वागणुकीवरूनही पक्ष सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो, हे तुमच्या गोव्यातल्याच रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये ठरले आहे. म्हणून टीका खंडाच्या भाषेवर ठेवावी.

आमदार व्हायचे म्हणून एलएलबी करतोय. योग्य ना?
— विद्यार्थी, नांदेड

आमदारकीला शिक्षणाची अट नाही, तेव्हा केवळ त्यासाठी पदवी घेण्यात अर्थ नाही. वकिली करायची असेल तर जरूर घ्या. पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करा. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानुसार खुल्या गटाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांहून जास्त नोंदणी फी घेता येत नाही, मुद्रांक वेगळा. दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हा. मग निदान काही वर्षे तालुक्याच्या न्यायालयात मन लावून काम करा. जमिनीचे वाद, पोटगी, अपघाताची भरपाई या कामांत कायदा माणसाला कुठे टोचतो ते कळते.

वकिलीची फी आणि आमदाराचे वेतन, आयकरात दोन्ही एकत्र दाखवायचे का?
— कर सल्लागाराकडील सहायक, कोल्हापूर

विवरणपत्र एकच, शीर्षे वेगळी. आमदाराचे वेतन 'पगार' या शीर्षाखाली येत नाही, कारण मालक-नोकर नाते नाही. ते 'इतर उत्पन्न' धरतात. म्हणून पगारदारांची प्रमाणित वजावट त्यावर मिळत नाही. इथेच सर्रास चूक होते. वकिलीची फी व्यवसायाच्या उत्पन्नात. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल (रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाख) तर निम्मी रक्कम उत्पन्न धरण्याची अनुमानित योजना घेता येते. जनसंपर्क कार्यालयाचे भाडे आणि कार्यकर्त्यांचे चहापाणी वकिलीच्या खर्चात घालू नका. खाती दोन ठेवा. पुढच्या निवडणुकीच्या शपथपत्रात पाच वर्षांचे विवरणपत्रांतले उत्पन्न लिहावे लागते आणि विसंगती लगेच दिसते.

मंत्री झाल्यावर सनद स्थगित करायची रीत काय? पद गेल्यावर पुन्हा वकिली लगेच सुरू करता येते का?
— वकील, नाशिक

वकिली स्वेच्छेने थांबवायची तर राज्य बार कौन्सिलला नोंदणीकृत टपालाने कळवावे लागते आणि सोबत मूळ सनद पाठवावी लागते. झेरॉक्स चालत नाही. पाठवण्याआधी प्रमाणित प्रत काढून ठेवा. न्यायालयांतून आपले नाव काढून घेण्याचे काम वेगळे करावे लागते, नाहीतर स्थगितीच्या काळातही दैनिक बोर्डावर तुमचे नाव छापले जाते आणि कोणीतरी तेवढ्यावरून तक्रार करतो.

पद गेल्यावर कौन्सिलच्या सचिवांकडे पुन्हा वकिली सुरू करण्याचा अर्ज करायचा. त्याबरोबर प्रतिज्ञापत्र द्यायचे, की स्थगितीच्या काळात वकील कायद्यातली कोणतीही अपात्रता ओढवलेली नाही. त्या काळात नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती लपवू नका, कारण कौन्सिल ते तपासते. अर्जावर कौन्सिलचा आदेश होऊन सनद तशा शेऱ्यासह परत हातात येईपर्यंत वकीलपत्रावर सही करू नका, जुन्या अशिलाच्या साध्या मुदतवाढीच्या अर्जावरही नाही.